गाणे आधीचे, अर्थ नंतरचा

पाश्चात्त्य संगीताचा विषय निघाला की आपल्याकडे बीटल्सचे नाव निघते. फार तर एखादा जाणकार पिंक फ्लॉइडपर्यंत जातो. ‘पोस्ट-पंक’ हा शब्द मात्र या अंकाच्या मराठी काय किंवा कन्नड काय, कोणत्याही विभागात आजवर आला असेल असे वाटत नाही. त्या संप्रदायातील एका लहानशा तबकडीची हकीकत मी येथे सांगणार आहे. ती सांगण्याचे कारण संगीतापुरते मर्यादित नाही. १९८० साली इंग्लंडमध्ये निघालेल्या या तबकडीचे जे स्वागत झाले आणि तिच्यावर जे लिहिले गेले, त्यातून साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्यासमोर केव्हा ना केव्हा येणारा एक प्रश्न फार ठळकपणे उभा राहतो : कलाकृतीचा अर्थ लावताना कलावंताच्या आयुष्याचा, आणि विशेषतः त्याच्या मृत्यूचा, आधार किती घ्यावा?

आधी संज्ञा स्पष्ट करू. १९७६-७७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ‘पंक’ नावाची लाट उसळली. बेकारी वाढत होती, उत्तरेकडील गिरण्या-कारखाने बंद पडत चालले होते आणि रॉक संगीत मात्र श्रीमंत, लांबलचक व सामान्य पोरांच्या आवाक्याबाहेरचे झाले होते. अशा वेळी काही तरुणांनी जाहीर करून टाकले की, गाणे करायला उस्तादी लागत नाही. गिटारवर दोन-तीन स्वरसंघात वाजवता आले आणि सांगण्यासारखे काही असले की पुरे. ही लाट दोनेक वर्षांत ओसरली, पण तिने दिलेली हिंमत मागे उरली. ती हिंमत घेऊन, नुसत्या आरडाओरड्याच्या पलीकडे जाऊन ज्यांनी नवे प्रयोग केले, त्यांच्या संगीताला ‘पोस्ट-पंक’ म्हणजे पंकनंतरचे असे नाव पडले. या संगीतात एरवी मागे राहणारी बेस गिटार पुढे आली, इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आले, जमैकाच्या रेगे संगीताचे व डिस्कोचे संस्कार आले आणि शब्दांत एक प्रकारची अंतर्मुखता आली.

४ जून १९७६ रोजी मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये ‘सेक्स पिस्टल्स’ या पंक वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. श्रोते अगदी थोडे होते. परंतु त्यांत सॅल्फर्डचे दोन शाळूसोबती, बर्नार्ड समनर आणि पीटर हुक, हजर होते. त्या कार्यक्रमाच्या प्रभावाने त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद काढायचे ठरवले. पुढे गायक म्हणून इयन कर्टिस आला, तालवाद्ये वाजवायला स्टीफन मॉरिस आला. आरंभी ‘वॉर्सा’ नाव घेतलेला हा संच १९७८ च्या प्रारंभी ‘जॉय डिव्हिजन’ झाला. कर्टिस हा मॅकल्सफील्ड येथील रोजगार कार्यालयात नोकरी करणारा, वाचनाची आवड असलेला तरुण होता. गीते त्याची आणि संगीत चौघांचे, अशी त्यांची पद्धत होती.

त्यांच्या तबकड्या काढल्या त्या मँचेस्टरच्याच ‘फॅक्टरी रेकॉर्ड्स’ या छोट्या संस्थेने. टेलिव्हिजनवर कार्यक्रम सादर करणारा टोनी विल्सन आणि त्याचा मित्र अॅलन इरॅस्मस हे तिचे संस्थापक. लंडनच्या बड्या कंपन्यांशी या संस्थेचा संबंध नव्हता. नफा संस्था व कलावंत यांनी निम्मा निम्मा वाटून घ्यावा, असा तिचा व्यवहार होता. ध्वनिमुद्रणाची बाजू मार्टिन हॅनेट सांभाळी आणि वेष्टनांची रचना पीटर सॅव्हिल करी. जून १९७९ मध्ये ‘अननोन प्लेझर्स’ ही जॉय डिव्हिजनची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका निघाली आणि जाणकारांचे लक्ष या चौघांकडे वळले.

आता ‘सिंगल’ म्हणजे काय, तेही सांगितले पाहिजे. कारण आजच्या विद्यार्थ्यांनी कदाचित तबकडीच हातात धरलेली नसेल. सात इंच व्यासाची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी, एका बाजूला मुख्य गाणे व दुसऱ्या बाजूला जोडगाणे असलेली तबकडी म्हणजे सिंगल. दीर्घ ध्वनिमुद्रिका हा कवितासंग्रह मानला, तर सिंगल म्हणजे नियतकालिकात सुटी प्रसिद्ध झालेली कविता. ती स्वस्त असे, रेडिओवर वाजे आणि तिच्या विक्रीवरून दर आठवड्याला क्रमवारी लागे. त्या काळात इंग्लंडमध्ये ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’, ‘मेलडी मेकर’, ‘साउंड्स’ यांसारखी संगीताला वाहिलेली साप्ताहिके निघत आणि नव्या सिंगलांची परीक्षणे त्यांत नियमाने येत. खेड्यापाड्यांतील मुले ती साप्ताहिके वाचून आपले मत बनवीत. आपल्याकडे एके काळी ‘सत्यकथे’त काय छापून आले याला जे महत्त्व होते, काहीसे तसेच महत्त्व तेथील तरुणांत या साप्ताहिकांना होते.

या पार्श्वभूमीवर आपल्या तबकडीकडे येऊ. तिचे नाव ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’. प्रेमच आपली ताटातूट करील, असा त्याचा अर्थ. १९७५ मध्ये अमेरिकेतील ‘कॅप्टन अँड टेनिल’ या जोडीचे ‘लव्ह विल कीप अस टुगेदर’, म्हणजे प्रेमच आपल्याला एकत्र ठेवील, असे एक आनंदी गाणे अतिशय गाजले होते. कर्टिसचे शीर्षक त्याला दिलेले उपरोधिक उत्तर आहे, असे मानले जाते. विषय आहे तो विस्कटत चाललेल्या संसाराचा. दोन माणसे एका घरात राहतात, एकमेकांवर त्यांचा राग नाही, पण सवयीने व थकव्याने त्यांच्यात अंतर पडत गेले आहे. आणि आश्चर्य असे की, जिव्हाळा अजून संपलेला नाही.

गाण्याच्या जन्माच्या तारखा वाचकांनी कृपया नीट ध्यानात ठेवाव्यात, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यांच्यावर उभा आहे. बी. बी. सी. रेडिओवर जॉन पील या निवेदकाचा रात्रीचा कार्यक्रम नव्या संगीताचे मोठे व्यासपीठ होता. वाद्यवृंदांना बी. बी. सी.च्या स्टुडिओत बोलावून त्यांची गाणी खास या कार्यक्रमासाठी मुद्रित करून घेतली जात. जॉय डिव्हिजनने २६ नोव्हेंबर १९७९ रोजी हे गाणे तेथे मुद्रित केले आणि १० डिसेंबर १९७९ रोजी ते प्रसारित झाले. त्यानंतर जानेवारी १९८० मध्ये ओल्डम येथील पेनाइन स्टुडिओत ते तबकडीसाठी गायले गेले. त्या मुद्रणाने समाधान न झाल्यामुळे मार्च १९८० मध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत ते पुन्हा झाले. तबकडीच्या पहिल्या बाजूला हे मार्चमधले गायन आहे. दुसऱ्या बाजूला ‘दीज डेज’ हे गाणे आणि त्यासोबत जानेवारीतले गायन आहे. एकच गाणे एकाच तबकडीवर दोनदा, ही गोष्ट दुर्मीळच. या गाण्यासाठी टोनी विल्सनने कर्टिसला फ्रँक सिनात्राच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका ऐकायला दिली होती, असेही नमूद आहे. पंकच्या मुशीतून निघालेल्या गायकाने जुन्या पिढीच्या मखमली आवाजाच्या गायकाकडून काही शिकावे, हे त्या काळच्या मानाने नवलच होते. परंतु तबकडीवरील शांत, खर्जातले, जवळजवळ बोलल्यासारखे गायन ऐकले की त्या सूचनेचा उपयोग झाला असावा असे वाटते.

संगीताच्या दृष्टीने या गाण्यात एक विलक्षण विरोध साधला आहे. शब्द खिन्न, पण लय जलद आणि तालवाद्यांचा रेटा असा की ऐकणाऱ्याचे पाय थिरकावेत. हुकची बेस गिटार नेहमीचे पायाभरणीचे काम सोडून वरच्या पट्टीत स्वतंत्र चाल वाजवते. धृपदाची चाल कीबोर्ड इतक्या गोडव्याने पुन्हा पुन्हा आळवतो की, शब्द न कळणाऱ्या माणसाला हे लग्नसमारंभातले गाणे वाटले तरी त्यात नवल नाही. दुःख हे दुःखाच्याच चालीत सांगितले पाहिजे, हा संकेत येथे मोडला आहे आणि माझ्या मते गाण्याचे खरे सामर्थ्य त्यातच आहे.

२८ एप्रिल १९८० रोजी मँचेस्टरमध्ये सरावाच्या जागी या गाण्याचे चित्रीकरण झाले. मे महिन्यात अमेरिकेचा दौरा ठरला होता. निघण्याच्या आदल्याच दिवशी, १८ मे १९८० रोजी, इयन कर्टिसने मॅकल्सफील्ड येथील आपल्या राहत्या घरी आत्महत्या केली. तो तेव्हा २३ वर्षांचा होता. जानेवारी १९७९ मध्ये त्याला अपस्माराचे निदान झाले होते; झटके वाढत चालले होते, त्यांवरची औषधे मनाला जड करणारी होती आणि संसारही मोडकळीस आला होता. पदरी लहान मुलगी होती.

सिंगल बाजारात आली ती त्यानंतर, जून १९८० मध्ये. म्हणजे ज्या श्रोत्यांनी डिसेंबरमध्ये हे गाणे रेडिओवर ऐकले होते, त्यांनी ते एका होतकरू वाद्यवृंदाचे नवे गाणे म्हणून ऐकले. आणि ज्यांनी ते जूनमध्ये विकत घेतले, त्यांनी मृताचा आवाज म्हणून ऐकले. शब्द तेच, चाल तीच. मधे फक्त एक बातमी आली होती.

तबकडीचे स्वागत मोठे झाले. ब्रिटनच्या मुख्य क्रमवारीत ती १३ व्या स्थानापर्यंत चढली आणि स्वतंत्र संस्थांच्या तबकड्यांच्या वेगळ्या यादीत तिने पहिले स्थान मिळवले. त्याआधी जॉय डिव्हिजनची एकही सिंगल मुख्य क्रमवारीत इतकी वर गेली नव्हती. वर्षअखेरीस ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’च्या परीक्षकांनी १९८० ची सर्वोत्तम सिंगल म्हणून तिचीच निवड केली. दूरच्या न्यूझीलंडमध्ये तर १९८१ साली ती पहिल्या क्रमांकावर गेली.

परंतु या कौतुकाला एक वेगळीच छटा होती. मृत्यूनंतरच्या आठवड्यांत संगीत-साप्ताहिकांतून जे लिहिले गेले, त्यातील काही लेखांत परीक्षणापेक्षा पूजाभावच अधिक होता. ‘साउंड्स’मधील एका लेखाचा सूर तर असा होता की, जणू हा गायक वाचकांसाठीच मेला. जुलै १९८० मध्ये ‘क्लोजर’ ही दुसरी दीर्घ ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्या वेष्टनावर इटलीतील जिनोआच्या स्टॅल्येनो स्मशानभूमीतील थडग्याचे छायाचित्र होते. सिंगलचे वेष्टनही धातूच्या पत्र्यावर अक्षरे कोरून, तो आम्लाने जुनाट करून बनवलेले. दिसायला थेट समाधीच्या शिळेसारखे. मृत्यूचा बाजार मांडला, असे कुणाला वाटले असल्यास नवल नाही. प्रत्यक्षात ‘क्लोजर’चे वेष्टन कर्टिस हयात असतानाच ठरले होते आणि ती बातमी ऐकून सॅव्हिल स्वतःच हादरून गेला होता. म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत घटनेनंतर जो अर्थ भरला, तो करणाऱ्याच्या मनात असणे शक्यच नव्हते.

गाण्याचेही नेमके हेच झाले. ते आत्महत्येपूर्वीची चिठ्ठी म्हणून वाचले जाऊ लागले. मला हे वाचन चुकीचे वाटते, आणि त्याला कारण वर दिलेल्या तारखा आहेत. जे गाणे मृत्यूच्या सहा महिने आधी मुद्रित झाले होते, तीन वेगवेगळ्या स्टुडिओंत तीनदा गायले गेले होते, ज्याच्या गायनावर बसून विचार झाला होता आणि जे मनासारखे न झाल्याने पुन्हा केले गेले होते, ते मनाच्या आवेगात टाकलेले शेवटचे वाक्य नसते. ते कारागिरीने घडवलेले काम असते. त्याचा विषय संसारातील दुरावा हा आहे. मृत्यू त्यात नाही. तो आपण नंतर आणून ठेवला.

शिवाय प्रत्येक गीत हे आत्मचरित्र असते, हे गृहीतही तपासून घ्यावे लागेल. याच कर्टिसचे ‘शी’ज लॉस्ट कंट्रोल’ हे गीत घ्या. त्याच्या आजाराची माहिती झालेला श्रोता ते ऐकून म्हणेल, हे त्याने स्वतःवरच लिहिले. पण सहकाऱ्यांच्या सांगण्यानुसार ते सुचले ते रोजगार कार्यालयात येणाऱ्या, अपस्माराने पीडित अशा एका तरुणीवरून. दुसऱ्याचे दुःख पाहून हलणारे मन त्याच्यापाशी होते. सगळीकडे त्याचाच मृत्यू वाचत बसले की त्या तरुणीला गाण्यात जागाच उरत नाही. एखाद्या कवीला त्याच्या शेवटावरून वाचणे हा वरवर आदर दिसतो. पण त्यात त्याची कल्पकता, त्याचे निरीक्षण आणि त्याचे श्रम आपण नाकारत असतो. आपल्याकडेही अकाली गेलेल्या कवींच्या साध्यासुध्या ओळींत मृत्यूची चाहूल शोधण्याची हौस दांडगी आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून ती मला दर वर्षी भेटते.

येथवर आलेला वाचक म्हणेल, ठरले तर मग : कृती पाहावी, कर्ता विसरावा. इंग्रजी समीक्षेत हे मत नवे नाही. परंतु या हकीकतीची दुसरी बाजू इतकी सोपी नाही, आणि ती सांगितल्याशिवाय लेख पुरा करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटेल.

कर्टिसच्या सोबत्यांनी पुढे अनेक मुलाखतींतून सांगितले आहे की, त्याच्या गीतांतील शब्दांकडे त्यांनी फारसे लक्ष दिले नव्हते. हा वाचणारा माणूस आहे, दुसऱ्या कुणाच्या तरी भूमिकेत शिरून लिहितो, असे त्यांनी धरले. ही झाली शुद्ध कलावादी दृष्टी, आणि तीही विशी नुकतीच ओलांडलेल्या, मनापासून मैत्री करणाऱ्या मुलांची! एप्रिल १९८० मध्ये कर्टिसने जीव देण्याचा एक प्रयत्न आधीच केला होता. तरी ठरलेले कार्यक्रम चालूच राहिले. यात कुणाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्या वयात, त्या धावपळीत आणि मनाच्या आजाराविषयी कुणी मोकळेपणे बोलत नसलेल्या काळात, आपणही याहून वेगळे वागलो असतो असे छातीठोकपणे कोण म्हणेल? पण वस्तुस्थिती अशी की, मृत्यूनंतर ज्या शब्दांत सगळ्या जगाला सगळे काही ऐकू आले, त्या शब्दांत मृत्यूपूर्वी अगदी जवळ उभ्या असलेल्यांनाही काही ऐकू आले नाही. परीक्षकांनी कृतीत माणूस नको इतका पाहिला. मित्रांनी तो पुरेसा पाहिला नाही.

यातून मार्ग कोणता? मला वाटते, येथे दोन निराळ्या प्रश्नांची गल्लत होते. ‘या गाण्याचा अर्थ काय?’ हा एक प्रश्न. त्याचे उत्तर गाण्यातच, त्याच्या शब्दांत, चालीत आणि रचनेत शोधावे. ‘हे लिहिणारा माणूस बरा आहे ना?’ हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर गाण्यात मिळत नाही, ते त्या माणसालाच विचारावे लागते. पहिला प्रश्न कितीही वर्षांनी विचारता येतो. दुसऱ्याला मुदत असते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर काळाने हळूहळू दिले आहे. राहिलेल्या तिघांनी ‘न्यू ऑर्डर’ हे नाव घेऊन नव्याने सुरुवात केली. १९८३ मध्ये पॉल यंग या लोकप्रिय गायकाने आपल्या ‘नो पार्ले’ या ध्वनिमुद्रिकेत हे गाणे वेगळ्या ढंगाने गायले; त्याच वर्षी मूळ सिंगल पुन्हा काढण्यात आली आणि ती १९ व्या स्थानावर गेली. २००२ मध्ये ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ने आजवरची सर्वश्रेष्ठ सिंगल म्हणून तिची निवड केली. २००४ मध्ये अमेरिकेच्या ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाच्या पाचशे श्रेष्ठ गीतांच्या यादीत ती १७९ व्या क्रमांकावर होती. २००५ च्या ब्रिट पुरस्कारांत गेल्या पंचवीस वर्षांतील सर्वोत्तम ब्रिटिश गीतासाठीच्या अंतिम पाचांत तिचा समावेश होता. पुरस्कार मात्र रॉबी विल्यम्सच्या ‘एंजल्स’ला मिळाला. या याद्यांना मी फार महत्त्व देत नाही. पण १९८० साली ज्यांचा जन्मही झाला नव्हता, ती मुले आज हे गाणे ऐकतात, त्यावर नाचतात, आणि त्यांतील कित्येकांना गायकाची हकीकत ठाऊक नसते. ती ठाऊक नसतानाही गाणे उभे राहते, हीच त्याच्या गुणवत्तेची खरी साक्ष होय.

दुसरा प्रश्न मात्र आपल्या दाराशी आहे. या अंकासाठी दर वर्षी मराठी विभागाकडे ज्या कविता येतात, त्यांतील निम्म्याअधिक अंधाराच्या, एकटेपणाच्या आणि ‘आता काही उरले नाही’ अशा भावनेच्या असतात. संपादक म्हणून आम्ही वृत्त पाहतो, प्रतिमा जुनी की नवी ते पाहतो, स्वीकृत किंवा परत असा शेरा मारतो. ते आमचे कामच आहे, आणि कविता निराशेची आहे म्हणून कवीला आजारी समजणे हा त्याच्या कवितेचा अपमान होईल. बहुतेक वेळा ती फक्त कविताच असते. पण ज्याची कविता आपण वाचली तो विद्यार्थी वर्गात दिसेनासा झाला, मेसमध्ये जेवेनासा झाला, मित्रांना टाळू लागला, तर त्या वेळी शैलीची चर्चा बाजूला ठेवून त्याला गाठावे आणि सरळ विचारावे. तसे विचारल्याने कुणाच्या मनात नसलेला विचार येत नाही, असे या विषयाचे जाणकार सांगतात. उलट बोलायला वाट मिळते. भारत सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य चालते आणि तेथे मराठीत व कन्नडमध्येही बोलता येते. हा क्रमांक वसतिगृहाच्या फलकावर लावावा, अशी माझी विद्यार्थी प्रतिनिधींना सूचना आहे.

कवितांची निवड करणाऱ्या विद्यार्थी-संपादकांना या वर्षापासून मी एवढेच सुचवणार आहे की, प्रत्येक कविता दोनदा वाचा : एकदा हातात पेन्सिल घेऊन आणि एकदा पेन्सिल खाली ठेवून.